पुढच्या अल्बमची वाट बघत राहिलो आणि बँड कधीच संपला होता : तुमच्या मनात असा कोणता मेटल बँड आहे?

खानदेशी_रिफ

मंडळी, हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात आहे. अवेळी संपलेल्या मेटल करिअरचा विषय निघाला की मेटालिकाचा बेसवादक क्लिफ बर्टन आणि ऑझी ऑस्बॉर्नचा गिटारवादक रँडी ऱ्होड्स ही दोन नावं आधी येतात, आणि यायलाच हवीत. एक २४ वर्षांचा, स्वीडनमधल्या बस अपघातात गेला. दुसरा २५ वर्षांचा, फ्लोरिडात विमान कोसळून गेला. पण मेटालिका पुढे चालत राहिलं आणि ऑझीही. मला विचारायचंय ते अशा बँडबद्दल, जो माणसासोबतच थांबला. तेही नेमकं अशा ठिकाणी, जिथून पुढची वाट नुकतीच दिसायला लागली होती.

माझ्यासाठी तो बँड म्हणजे नॉर्वेचा विंडिर.

२००५ चा डिसेंबर. जळगावला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, हॉस्टेलवर. रूममेटनं कुठूनतरी एक राईट केलेली सीडी आणली, तिच्यावर हिरव्या स्केचपेननं 'नॉर्वे' एवढंच लिहिलेलं. शंभरेक गाणी असतील, निम्म्यांची नावं अर्धवट तुटलेली. खोलीत कॉम्प्युटर एकच होता. रात्री बाकीचे झोपलेले असायचे म्हणून हेडफोनची एक बाजू त्याच्या कानाला आणि एक माझ्या. जळगावची थंडी तुम्हाला माहीत असेल, दुपारी अंगात शर्ट नको होतो आणि पहाटे दोन गोधड्या पुरत नाहीत. त्या थंडीत 'आर्नटोर, आइन विंडिर' लागलं. ब्लास्ट बीट म्हणजे ड्रमचा सुसाट मारा, किंचाळणारा आवाज, आणि त्यावरून एक चाल जात होती. ती चाल मेटलची वाटतच नव्हती. कुणाच्या तरी गावात लग्नात, जत्रेत वाजत आली असावी अशी होती. एक शब्द कळला नाही. गाणं संपल्यावर आम्ही दोघं काही न बोलता ते परत लावलं.

नंतर कळलं की हे सगळं एका खोऱ्याचं आहे. नॉर्वेच्या पश्चिमेला सोग्नफ्योर्ड म्हणून समुद्राची चिंचोळी खाडी आहे, २०० किलोमीटरहून जास्त आत गेलेली, दोन्ही बाजूंना उभे कडे. तिच्या काठावरच्या सोग्नडाल गावचा टेरिए बाक्केन नावाचा पोरगा. त्यानं स्वतःला वाल्फार हे नाव घेतलं आणि १९९४ मध्ये एकट्यानंच विंडिर सुरू केलं. १९९७ च्या पहिल्या अल्बमचं नाव 'सोक्नार्दाल्र', म्हणजे गावाचंच जुनं नाव. ११८४ साली त्यांच्या फ्योर्डमध्ये फिमरायटेजवळ दोन राजांची आरमारी लढाई झाली. स्वेरे जिंकला, माग्नुस मारला गेला. याच सालावरून २००१ च्या अल्बमचं नाव '११८४'. आणि शब्द? ऑस्लोच्या पुस्तकी भाषेतले नाहीत, सोग्नच्या बोलीतले. आपल्या संगीताला ते लोक 'सोग्नामेटल' म्हणायचे. ब्लॅक मेटल किंवा व्हायकिंग मेटल ही नावं बाहेरच्यांनी दिलेली.

हे वाचलं तेव्हा माझ्या पोटात कालवलं. आमच्या घरात अहिराणी बोलतात. मुलगा म्हणजे आंडोर, मुलगी म्हणजे आंडेर, 'आहे'ला 'शे'. हॉस्टेलच्या गेटातून आत आलो की मी 'शे' बाहेर ठेवून यायचो, कारण लोक हसायचे. आणि तिकडे बर्फातला एक पोरगा आपल्या आजीच्या बोलीत ओरडत होता, आणि ते जळगावात माझ्या कानात पोचत होतं.

आता मूळ गोष्टीवर येतो. मी पुढच्या अल्बमची वाट बघत होतो. नेट म्हणजे आठवड्यातून एकदा, सायबर कॅफेत, तेही प्रोजेक्टचं काम घेऊन. तिथं बसून बँडची माहिती शोधायचं सुचलंच नाही. रूममेट सुट्टीवरून आला की मी विचारायचो, 'विंडिरचं नवीन आलं का रे?' सहा-सात महिने गेले. मग २००६ च्या पावसाळ्यात एकदा सबमिशन लवकर उरकलं, अर्धा तास शिल्लक होता, आणि मी ते नाव टाईप केलं.

१४ जानेवारी २००४. वाल्फार घरच्यांच्या डोंगरातल्या केबिनकडे पायी निघाला. फागरेग्गी नावाची जागा. वाटेत हिमवादळानं गाठलं. तीन दिवसांनी त्याचा देह सापडला. थंडीनं गेला होता. वय २५.

मी ते गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला जाऊन दोन वर्षं होत आली होती. आणि २००३ मध्ये आलेल्या त्यांच्या शेवटच्या अल्बमचं नाव 'लिकफेर्ड', म्हणजे अंत्ययात्रा. कॅफेवाल्यानं 'वेळ झाली' म्हणून दोनदा हाक मारली, मला उठता येईना.

बाकीच्यांनी बँड पुढे रेटला नाही. २००४ च्याच सप्टेंबरमध्ये ऑस्लोत निरोपाचा कार्यक्रम केला आणि नाव मिटवलं. हे मला फार बरोबर वाटतं.

तर तुमचा असा बँड कोणता? नुसतं नाव नको. कुठे थांबला आणि पुढे काय होऊ शकलं असतं, ते लिहा.

सहा_तारा_पुणे

भावा, पोस्ट वाचून आधी विंडिर लावलं, मग लिहायला बसलो.

माझं उत्तर डेथ या बँडचा गायक-गिटारवादक चक शुल्डिनर. डेथ हा बँड तसा अर्ध्यावर थांबला असं कुणी म्हणणार नाही, १९८७ ते १९९८ मध्ये सात अल्बम झाले. पण ते सात अल्बम ओळीनं ऐका. 'स्क्रीम ब्लडी गोर' मध्ये २० वर्षांचा पोरगा प्रेतं आणि रक्त यावर गातोय. चार वर्षांनी 'ह्यूमन' येतो आणि तोच माणूस स्वतःच्या आतलं बोलायला लागतो, गिटार अशी वळणं घेते की मला एकेक रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी चाल, बसवायला महिना लागला. 'सिम्बॉलिक' मध्ये सूर मोकळा होतो. प्रत्येक वेळी माणसं बदलली, प्रत्येक वेळी तो एक पायरी वर गेला. एकदाही मागं आला नाही.

मग त्यानं डेथ बाजूला ठेवून कंट्रोल डिनाईड काढलं, कारण त्याला स्वच्छ आवाजात गाणारा गायक हवा होता. १९९९ मध्ये पहिला अल्बम आला. त्याच वर्षी मे महिन्यात, मान दुखते म्हणून तपासण्या करताना, मेंदूत गाठ निघाली. तेही त्याच्या ३२ व्या वाढदिवशी. उपचारांचा खर्च घरच्यांना झेपेना, तेव्हा जगभरच्या बँडनी आणि चाहत्यांनी पैसे गोळा केले. त्या अवस्थेतही तो कंट्रोल डिनाईडच्या दुसऱ्या अल्बमवर काम करत होता. १३ डिसेंबर २००१ ला गेला, ३४ वर्षांचा. तो अल्बम आजही अपुरा आहे.

तुझ्या प्रश्नाचं नेमकं उत्तर तो अपुरा अल्बम आहे. डेथ मेटल हा प्रकार ज्या माणसाच्या हातून उभा राहिला, तो त्यातून बाहेर पडून कुठे निघाला होता, याचा एकच अल्बम आपल्या हाती आहे.

एक मात्र मनापासून सांगतो, राग मानू नकोस. तुझा बोलीचा मुद्दा मला अर्धाच पटला. '११८४' मधली बहुतेक गाणी इंग्रजीत आहेत. म्हणजे वाल्फार स्वतःच बोलीपासून लांब चालला होता, असंही म्हणता येईल. आणि विंडिरमधलीच काही मंडळी व्रेड नावानं आजही वाजवतात, सोग्नडालहूनच. मग विंडिर संपलं असं सरळ म्हणायचं का?

चार_तारा_ठाणे

मी बेस वाजवते, त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं आहे. एथिस्ट या बँडचा बेसवादक रॉजर पॅटरसन.

डेथसारखाच हा पण फ्लोरिडाचा बँड. पहिला अल्बम 'पीस ऑफ टाईम'. त्या काळात डेथ मेटलमध्ये बेस म्हणजे गिटारच्या मागं लपलेली गुरगुर असायची. रॉजरचा बेस पुढं येऊन बोलतो. १२ फेब्रुवारी १९९१ ला दौऱ्याहून परतताना व्हॅनला अपघात झाला आणि तो गेला. दुसऱ्या अल्बमची गाणी तोवर बसलेली होती. सगळ्या बेसच्या चाली त्याच्या होत्या. मग सिनिक या बँडमधल्या टोनी चॉयनं त्या शिकून घेतल्या आणि त्याच वर्षी 'अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स' आला. चाली रॉजरच्या, बोटं टोनीची.

नंतर त्या अल्बमची नवी आवृत्ती निघाली, तिच्यात रॉजरनं वाजवलेले डेमो, म्हणजे अल्बमआधीची कच्ची रेकॉर्डिंगं, आहेत. मी ते कसे ऐकते ते सांगते. आधी 'मदर मॅन'चा डेमो, वेग कमी करून, चार-चार मात्रांचे तुकडे पाडून. तुकडा बोटात बसला की अल्बममधला तोच तुकडा. डेमोचा आवाज कच्चा आहे, खोलीत माईक ठेवून घेतल्यासारखा वाटतो. पण मी वाजवायला बसते तेव्हा डेमोच लावते. टोनी चॉय जबरदस्त वाजवतो, त्याच्याबद्दल तक्रारच नाही. फक्त तो जिथं पोचलाय तिथं कुणीतरी आधी स्वतःच्या बोटांनी चाचपडत वाट काढली होती, ते चाचपडणं मला डेमोत ऐकू येतं. माझ्या डाव्या हाताच्या करंगळीला त्या गाण्यानं घट्टा पडलाय.

पुढचा 'एलिमेंट्स' त्यांनी करारापोटी ४० दिवसांत बसवून केला. तोही चांगला आहे, पण तो वेगळा बँड आहे.

आणि हे बघा, सहा_तारा, तुमच्या 'ह्यूमन'वर ड्रम वाजवणारा शॉन राइनर्ट आणि गिटारवाला पॉल मासव्हिडाल हे दोघं सिनिकचे. १९९२ च्या ऑगस्टमध्ये अँड्र्यू वादळानं फ्लोरिडाची वाट लावली, त्यात सिनिकचं रेकॉर्डिंगही लांबलं. १९९३ मध्ये 'फोकस' आला आणि पुढच्याच वर्षी बँड फुटला. ते परत यायला २००६ उजाडलं. एवढ्याशा भागातली, एकमेकांच्या अल्बमवर वाजवणारी पंधरा-वीस पोरं होती हो ती. त्यातलं कोण अपघातात, कोण आजारात, कोण वैतागून बाजूला. मला एकेक बँड वेगळा काढून रडता येत नाही, तो अख्खा मोहल्लाच अर्ध्यात उठला.

नेक्रो_नाशिक

नेक्रोफॅजिस्ट. १९९९ आणि २००४, दोन अल्बम. मग तिसऱ्याची वाट, वाट आणि वाट. कुणी गेलं नाही, भांडण झालेलं ऐकलं नाही, नुसतं बंद पडलं. २००४ मध्ये 'एपिटाफ' ऐकून मी गिटार शिकायला लागलो, आज माझी पोरगी शाळेत जाते. मला मृत्यूपेक्षा ही शांतता जड जाते, कारण अजूनही दर वर्षी एकदा नाव शोधून बघतो.

गिरगाव_१९८८

तुम्हा पोरांचं वाचून लिहितो आहे. मी ५० पार केली आहे.

परदेशातल्या बँडचं दुःख मलाही आहे, पण ज्यांची नावं कुठेच नाहीत असेही बँड अवेळी संपले, त्यांच्याबद्दल दोन शब्द लिहू द्या. आमचा पाच जणांचा बँड होता. चाळीतल्या पोटमाळ्यावर सराव. ड्रमवर गोधड्या टाकायचो, बास ड्रमच्या आत जुन्या साड्या कोंबायचो, तरी सात वाजले की खालून काठीनं ठोकायचे. गिटारवाल्याचे वडील गिरणीतले, संपात नोकरी गेलेली. त्यानं डिस्टॉर्शनचं पेडल घेतलं ते घरोघरी पेपर टाकून.

आमच्यासाठी सगळं जग म्हणजे धोबी तलावचं रंगभवन. उघडं नाट्यगृह, शेजारी झेवियर्स. इंडिपेन्डन्स रॉक तिथं व्हायचं. ऑगस्टचा पाऊस, डोक्यावर छप्पर नाही, काळे टी-शर्ट भिजून अंगाला चिकटलेले आणि एकही पोरगा जागचा हलत नाही. मेटल म्हणजे काय हे मुंबईला त्या पायऱ्यांवर कळलं. त्या मंचावर आपण चढायचं, एवढं एकच ध्येय होतं. एकदा कॉलेजच्या स्पर्धेतून आम्ही तिथवर पोचलोही, तीन गाणी वाजवली.

मग शांतता क्षेत्राचा नियम आला आणि रंगभवन गप्प झालं. आजूबाजूला रुग्णालयं आहेत, नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण बदल्यात दुसरी जागा कुणी दिली नाही. आमच्यातला एक आखातात गेला, एक बँकेत लागला. ज्या मंचासाठी सराव करायचो तो मंचच नाही म्हटल्यावर, पुढच्या रविवारी जमायचं हे कुणी कुणाला सांगेनासं झालं. भांडण नाही, निरोप नाही. आमच्या बँडचा पुरावा म्हणजे एक कॅसेट. चार गाणी, त्यातल्या तिसऱ्यात काठीचा ठोका ऐकू येतो. गिटारवाला २०११ ला गेला. त्याच्या मुलानं मागितली म्हणून कॅसेट डिजिटल करून दिली.

करिअर हा शब्द आम्ही कधी वापरला नाही. पण संपलं ते आमचंही लवकरच संपलं.

खानदेशी_रिफ

काका, हे वाचून काय लिहावं ते सुचत नाहीये. ती चार गाणी कुठे टाकता आली तर टाकाच. काठीच्या ठोक्यासकट.

सहा_तारा, राग कसला. तू जे बोललास ते अगदी बरोबर आहे, आणि ते मलाही छळतं. '११८४' मध्ये इंग्रजी जास्त आहे. एकट्याचा बँड पूर्ण ताफ्याचा झाला होता, बाहेरच्या देशांत ऐकणारे वाढले होते, तेव्हा तसं होणारच. त्याच अल्बमचं शेवटचं गाणं 'जर्नी टू द एंड' ऐक. शेवटाकडे गिटारी बाजूला होतात आणि यंत्राचा ठेका सुरू होतो, जवळजवळ डान्स क्लबातला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं सीडीवर चुकून दुसरं गाणं चिकटलंय. म्हणजे त्याला गावाची चालही हवी होती आणि ते यंत्रही.

पण मग 'लिकफेर्ड' ऐक. तिथं इंग्रजी आहे आणि बोलीही परत आली आहे. अल्बमचं शेवटचं गाणं 'एत्ती म्योर्क्ना' बोलीतलंच. तो लांब चालला होता की परत येत होता? पुढचा अल्बम आला असता तर कळलं असतं. मी 'संपलं' म्हणतो ते याला. व्रेड मला आवडतं, त्यांनी विंडिरचं नाव न वापरता स्वतःचं उभं केलं याचा मला आदर आहे. तरी 'बोलीत गाऊन जग गाठता येतं का' हा प्रश्न ज्यानं मांडला, तो उत्तर देण्याआधी गेला. व्रेडनं दिलेलं उत्तर हे व्रेडचं.

आणि मला ते उत्तर हवं होतं रे. फार हवं होतं. कॉलेजात एक गाणं लिहिलं होतं, अहिराणीत. रूममेटला दाखवलं नाही, कुणालाच दाखवलं नाही. वही अजून आहे.

ताई, तुमचा डेमोचा परिच्छेद तीनदा वाचला. एक विचारू का? आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. रात्रभर बायका गाणी म्हणतात, अहिराणीत. माझी आई आता ७१ वर्षांची आहे, तिला जेवढी येतात तेवढी सुनांना येत नाहीत. यंदा कानबाईच्या रोटांच्या दिवशी घरी जाणार आहे तेव्हा तिचं एक गाणं फोनवर नीट रेकॉर्ड करून घ्यायचं ठरवलंय. त्या चालीवर रिफ बसते, मी हळू आवाजात वाजवून बघितली आहे. बेस मात्र मला सुचत नाही. पाठवलं तर ऐकाल का?

चार_तारा_ठाणे

नक्की पाठवा. आईंना क्लिक ट्रॅक, म्हणजे कानात ठेक्याची टिकटिक, लावून गायला सांगू नका, त्यांच्या लयीत गाऊ द्या. लय पुढे-मागे झाली तरी चालेल, मी तिच्यामागे जाईन. आणि एकट्या नको, शेजारच्या दोन बायकांनाही बसवा, म्हणजे त्यांना रोजच्यासारखं वाटेल. फोन भिंतीला लावून ठेवू नका, मध्ये गोधडीवर ठेवा.

वहीतलं गाणंही पाठवा.

सहा_तारा_पुणे

वहीतलं आधी पाठव.